दोन आडव्या रेघा

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. माझ्या अक्षरातलं पाकीट, आणि तेही तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर, म्हणजे तू आधी खालचं नाव बघून घेशील. बघ. मीच आहे, तब्येत ठीक आहे.

फोन किंवा मेसेज केला नाही, कारण तुझा फोन हल्ली आईच्याच हातात असतो. ऑपरेशनमध्ये आवाज गेल्यापासून तिला जे बोलायचं ते ती त्यावरच लिहिते, त्यामुळे माझा मेसेज तुझ्याआधी तिने वाचला असता.

इकडे सगळं ठीक. खुर्चीचं एक चाक निघालंय, त्यामुळे एका बाजूला कलून काम करतो. शेजारच्या टेबलवाली म्हणाली, "अरे, एका जागी बस ना जरा, मला गरगरतंय!" मघापासून तीनदा उठलो. कप धुतला. धुतलेला कप पुन्हा धुतला. आईचं जेवण कसं आहे? पातळच देतेस ना अजून?

आता किती पाल्हाळ लावू! सांगतो.

परवा त्या बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंकडे गेलो होतो. आईने टाइप केलेलं तिच्याच आवाजात बोलून दाखवणारं यंत्र त्या बनवून देणार आहेत ना, त्यासाठी तू ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी केलेलं रेकॉर्डिंग त्यांना हवं होतं. मी मोठ्या रुबाबात सर्व्हरवरची फाइल उघडून दिली. बाई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "आईंचा आवाज बराच घोगरा होता हो."

आवाज माझा होता. "हॅलो, हॅलो, येतंय का ऐकू?" एवढंच, आणि शेवटी मी खोकलोय.

ताई, आईचं रेकॉर्डिंग गेलं. मी घालवलं.

कसं, ते तुला कळायला हवं. तुम्हाला माझ्या सर्व्हरवर फाइल टाकायला सोपं जावं म्हणून मी ते इंटरनेटवरचं पान बनवलं होतं. आलेल्या फाइलच्या नावात काही वेडंवाकडं असू नये, म्हणून एक नियम घातला: इंग्रजी अक्षरं आणि आकडे तेवढे ठेवायचे, बाकी प्रत्येक अक्षराच्या जागी एक आडवी रेघ. हा नियम मी कुठूनतरी उचलून चिकटवला होता. आपण नावं मराठीत देतो, हे माझ्या टाळक्यातच आलं नाही. तू फाइलला नाव दिलंस 'आई'. दोन अक्षरं, दोन रेघा. मग पान नीट चालतंय ना ते बघायला मी माझा आवाज टाकला आणि नाव दिलं 'मी'. आपल्याला ते एक अक्षर दिसतं, पण यंत्र 'म' वेगळा मोजतं आणि वेलांटी वेगळी. पुन्हा दोन रेघा. त्याच नावाची फाइल आधी असेल तर विचार, असं मी त्याला कुठे सांगितलं होतं? त्याने मुकाट्याने आईला पुसून मला ठेवलं. सर्व्हरची रोज वेगळी प्रत निघते, पण तीही जुनीवरच नवी चढते.

तू विचारलं होतंस, "नक्की पोचलं ना रे? मग माझ्याकडचं काढू?" मी हिरवी खूण बघून म्हणालो, "बिनधास्त काढ." आईला लिहायला मोठा पडदा हवा म्हणून तू जुना फोन देऊन नवा घेतलास. त्या दुकानदारालाही फोन केला. तो म्हणाला, "ताईंनी माझ्यासमोरच सगळं पुसून दिला." पुसून द्यायचा असतो, हे तुला कोणी शिकवलं, तेही मीच.

दोन दिवस मी सर्व्हर उकरतोय. आठवतं, तुझ्या पहिल्या खेपेला मध्येच नेट गेलं होतं आणि तू लाल रेघ आली म्हणून चिडली होतीस? मोठी फाइल तुकड्या-तुकड्यांनी येते, सगळे आले की जोडली जाते. अर्धवट राहिलेले तुकडे झाडून टाकायचं काम मी आळसाने कधी केलंच नव्हतं. त्या कचऱ्यात तुझा पहिला तुकडा सापडला.

खुर्ची ओढल्याचा आवाज आहे. तू म्हणतेस, "बोल ना गं, काहीही बोल." मग आई. खणखणीत, हसत. "काय बोलू? हे त्या धांदऱ्याकडेच जाणार ना? मग एक तुझ्याकडेपण ठेव बाई. गुणाचा आहे तो, पण"

इथे तुटतं.

एवढ्याशा तुकड्यावर यंत्र बनत नाही, बाईंना विचारलं. तिचा आवाज म्हणून आपल्याकडे आता एवढंच आहे. या वेळी आधी नियम बदलला, मग फाइलला नाव दिलं: 'आई'. प्रती काढल्या. एक या पाकिटातल्या पेन ड्राइव्हमध्ये आहे, ती तुझ्याकडे ठेव. तिने सांगितलं होतं तशी.

तिला तू काही सांगू नकोस. २३ तारखेच्या रविवारी मी येतो, मीच सांगेन. फार भीती वाटतेय गं. ती रागावली तरी घरात आवाज होणार नाही, त्याचीच जास्त. तुझा फोन तिच्या हातात दे आणि मला समोर बसव. त्या 'पण'च्या पुढचं तिने लिहावं, आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवीन.

तुम्हा दोघींचा,
धांदऱ्या