पंख मोडला नाही

१२ जानेवारी, रविवार
मोशीच्या माळावर आज माझं पहिलं रिमोटचं विमान उडालं. छान उडालं. वळताना मात्र त्याने दोन्ही पंख वर नेऊन नमस्कार केला आणि खाली आलं. डिझाइनमध्ये दोष नाही. थर्माकोल कच्चा. बुद्धरत्न म्हणाला, "राव, बाजारात कार्बनची नळी मिळते, ती घाल पंखात." (बुद्धरत्न आमच्याच पॅकिंग डिपार्टमेंटला. रविवारी विमान फेकायला येतो.) विकतचं घालून कोणीही करेल. मी फुकटात करणार.

संध्याकाळी महाळुंग्याला सासुरवाडी. मेव्हणी निशिगंधाचा साखरपुडा ठरला, २ फेब्रुवारी. होणारा नवरा सुजित मोठ्या हुद्द्यावर. सासरे नानासाहेब त्याला सारखे अजून एक लाडू घ्या म्हणत होते. मला म्हणाले, "जावईबापू, जरा खुर्च्या सरकवता का?" खुर्च्या सरकवता सरकवता तोंडून निघून गेलं, की साखरपुड्यात जोडप्यावर मी विमानातून फुलं टाकीन. सगळे गप्प झाले. भारावले असावेत.

१५ जानेवारी
संकल्प: रोज एक तास पंखाला. सोमवारी ओव्हरटाइम. काल संक्रांत. आज सुरुवात.
पंखावर चपलेचा पिवळा गोंद लावला. पंखाला भोक पडलं. बघता बघता मोठं झालं. हा गोंद थर्माकोल खातो. तसं डब्यावर लिहायला हवं होतं. लिहिलंय, पण फार बारीक.

१९ जानेवारी
नवा पंख. त्याला पॅकिंगची खाकी टेप, वरून, खालून, तिरपी. ताणून ताणून लावली, ढिलं काम मला खपत नाही. दुपारपर्यंत पंख पिळलेल्या टॉवेलसारखा. वर्षालीने विचारलं, हे पातं कुठल्या कूलरचं? बायकोला उत्तर दिलं नाही. संशोधकाने देऊ नये.

२२ जानेवारी
सापडलं! आत बांबूची कामटी आणि खराट्याचे हीर. वर वर्तमानपत्र, पांढऱ्या गोंदात पाणी घालून चिकटवलेलं. खर्च जवळजवळ नाहीच. (खराटा घरचा. वर्षाली शोधतेय. योग्य वेळी सांगेन.) एक थर पुरला असता, पण साखरपुड्याला रिस्क नको. रद्दी संपेपर्यंत थर दिले.

२५ जानेवारी
वाळला. दोन खुर्च्यांवर आडवा ठेवला. वर विटा ठेवल्या. ढिम्म. गव्हाचा डबा ठेवला. ढिम्म. शेवटी मी स्वतः बसलो. ढिम्म! आनंदाने एवढा ओरडलो की खालच्या जयमालाकाकू धावत आल्या. त्यांनाही बसवलं. वर्षाली म्हणाली, "अहो, पण ह्याच्यावर बसायचंय की हे उडवायचंय?" दहावीनंतर तिला विज्ञान नव्हतं.

२६ जानेवारी
ट्रायल. बुद्धरत्नने फेकलं, विमान सरळ जमिनीत. पुन्हा फेकलं, पुन्हा जमिनीत. पंखाला ओरखडासुद्धा नाही! ट्रायल यशस्वी. बुद्धरत्न म्हणतो विमान जड झालंय आणि खांदा दुखतोय. त्याला समजावलं की मोशीची हवा पातळ. महाळुंग्यात चहूकडे कारखाने, त्यांची गरम हवा वर जाते, जाताना विमानालाही नेईल. तो खांदा चोळत राहिला.

२ फेब्रुवारी, सकाळ
तयारी पक्की. पंखाखाली श्रीखंडाचा रिकामा डबा, आत पाकळ्या. बटन दाबलं की झाकण उघडतं. पुन्हा ट्रायल घेतली नाही. यशस्वी गोष्टीची कशाला घ्यायची?

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
नीट लिहून ठेवतो. लोक वाढवून सांगतील.
अंगठ्या झाल्या. नानासाहेबांनी स्वतः माइक घेतला. "आता आमचं थोरलं जावई इमान उडवणार हायत." थोरलं जावई! सगळ्या मांडवासमोर! डोळ्यांत पाणी आलं. त्यामुळे पुढचं थोडं धूसर दिसलं, हेही एक कारण.
बुद्धरत्नने दोन्ही हातांनी फेकलं. आणि उडालं! खरंच उडालं. पहिल्या रांगेच्या डोक्यावरून गेलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. एवढा उंच मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.
मग ते खाली येऊ लागलं. मी वर घेतोय, ते खाली येतंय. मांडवाच्या झालरीखालून घुसलं, नानासाहेबांच्या फेट्याचा तुरा उडवला आणि थेट मठ्ठ्याच्या पातेल्यात. नाक आत, पंख काठांवर आडवा. तेवढ्यात श्रीखंडाच्या डब्याचं झाकण उघडलं. घाबरून बटन मीच दाबलं होतं. सगळ्या पाकळ्या मठ्ठ्यात.
आधी निशिगंधा हसली. इतकी हसली की शालू सावरत खाली बसली. मग सुजित, मग त्याची आजी, मग अख्खा मांडव. आचाऱ्याने पंखाला धरून विमान उपसलं. नानासाहेब जवळ आले. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "मठ्ठा ग्येला, पर पंख काय मोडला न्हाई, जावईबापू."
म्हणजे प्रयोग तसा यशस्वीच.

४ फेब्रुवारी
सुजितचा फोन. वाटलं पंखाचं ड्रॉइंग मागतोय. तसं नव्हतं. आजोबा गेल्यापासून त्याची आजी हसलीच नव्हती म्हणे, आता दिवसभर कुणीतरी मोबाइलवर काढलेला मठ्ठ्याचा व्हिडिओ लावून बसते. म्हणाला, "साडूभाऊ, लग्नालाही विमान आणा. फक्त उडवायच्या भानगडीत पडू नका. नुसतं पाडा."
विचार करून सांगतो म्हणालो. मग लगेच हो म्हणालो.