सतरा नंबरचा बोकड

१० फेब्रुवारी, परंडा
पुण्याच्या संस्थेचा मेल आला. पुढच्या तीन वर्षांचा आराखडा ३१ मार्च, सायंकाळी पाचपर्यंत हवा. मान्य झाला नाही तर जूनपासून पैदास केंद्राचा निधी बंद. म्हणजे केंद्रच बंद.
कंपनी शेळ्या पाळणाऱ्या बायकांची. तांत्रिक माणूस मी एकटी. आराखडा मीच करायचा.

१३ फेब्रुवारी
बैठक. फळ्यावर तीन शक्यता लिहिल्या: पाऊस कमी, रोगराई, व्यापारी फिरला. प्रत्येकीपुढे आपण काय करणार ते.
गुरुजी (शाळेतून निवृत्त, कंपनीचे सचिव) म्हणाले, "तीन वर्षांचं? इथं तीनला येणारी लाईट साडेपाचला येती."
अध्यक्षा सुलाबाई (सगळ्यांच्या मावशी, माझ्याही) फळा बघत बसल्या होत्या. "तर-तर लई झालं, मॅडम. तिन्ही एकदमच आलं तर?"
लिहून घेतलं. चौथी शक्यता.

१९ फेब्रुवारी
आकडे जमले. तिन्ही शक्यतांत (चौथीतही) एक गोष्ट टिकते: चांगलं वाण. शेळी कमी चाऱ्यावर जगली आणि जुळी दिली, तर बाकीचं सांभाळता येतं. म्हणून सगळा आराखडा वाणावर. वाण म्हणजे बोकड. बोकड म्हणजे आमच्या सर्वेक्षणातला नं. १७.
१७ सुलामावशींचा. पूर्ण काळा, अंगावर एक डाग नाही, दात नीट. त्याच्या मुलींना बहुतेक जुळी. वजनाचा तक्ता बघितला की बाकीचे बोकड ओळीत मागे उभे दिसतात. पहिली दोन वर्षं तोच केंद्रात, नंतर त्याचे मुलगे.
सर्वेक्षणात सगळ्या मालकिणींना विचारलं होतं: पुढच्या दोन वर्षांत हा बोकड विकणार का? १७ समोर: नाही. मावशींचा अंगठा.

४ मार्च
मसुदा पाठवला. पुण्याहून फोन: "चांगलं आहे. पण सगळं एका जनावरावर उभं आहे." मी म्हटलं, मालकीण विकणार नाही, लेखी आहे.

९ मार्च
मावशींच्या गावी १७ चं वजन करायला गेले. त्याच्या गळ्यात हळदीनं पिवळा केलेला दोरा. आधी नव्हता.
विचारलं. मावशी शेण काढत होत्या. न थांबता म्हणाल्या, "चैतात जत्रा हाय नव्हं. त्यो देवाचा हाय."
"कधीपासून?"
"थोरल्याच्या पायात सळई घातली तवापास्नं. चालला तर देईन म्हणलं. चालतोय की आता. बघितला न्हाय का, मोटर चालू करायला गेला त्यो."
"मावशी, तुम्ही लिहून दिलंय, विकणार नाही."
"मग? विकतीय कुठं म्या?"
वजन घेतलं. नोंद केली.

१० मार्च
चूक माझी. रकाने चार होते: विक्री, मृत्यू, खच्ची केला, केंद्राला दिला. नवस नव्हता. मी याच जिल्ह्यात वाढले. तरी नव्हता.

१५ मार्च
तक्त्यातल्या पहिल्या अकरा बोकडांच्या मालकिणींकडे परत गेले, फक्त एक प्रश्न घेऊन. सहा नवसाचे. कुणी लपवलं नव्हतं. कुणाला विचारलंच नव्हतं.
सोनारीकडच्या एक बाई हसल्या. "देवाला डागाचा, मोडक्या दाताचा देतेत व्हय मॅडम? चांगलाच देतेत."
पैदाशीसाठी मी जे निकष लावते तेच. देव आणि मी एकच बोकड निवडतो. दरवर्षी तो आधी नेतो.

१७ मार्च
गुरुजींना सांगितलं. त्यांना नवल नाही.
"मग सांगितलं का नाहीत?"
"मला वाटलं, तुमच्या तक्त्यात असेल."

२१ मार्च
दोन आराखडे केले. अ: १७ सह. ब: १७ शिवाय. ब मध्ये केंद्र छोटं, जुळ्यांचं प्रमाण निम्मं, पुण्याला पटेल असं मलाच वाटत नाही.
१७ चा एक पिल्लू-बोकड आहे, पाच महिन्यांचा. अजून नंबर नाही दिला. चांगला निघाला तर त्याच्यावरही कुणीतरी काहीतरी बोलून ठेवेल.

२४ मार्च
मावशींकडे गेले. सरळ विचारलं, देवाकडे मुदत मागता येते का. दोन वर्षं.
सून चहा घेऊन आली, मावशींनी तिलाही थांबवलं.
"येती. कौल लावायचा. पर म्या मागणार. तुमी न्हाय."
"हो."
"आन त्यो न्हाय म्हणला तर पुन्ना इचारायचं न्हाय. तुमच्या पुण्याला बी सांगा."
मग सुनेला म्हणाल्या, "मॅडमच्या कागदात जर-तर हाय. आपलं बी जर-तरच हाय की गं."
निघताना थोरला दारात होता. पाय किंचित ओढतो. आईचा नवस फिरवायला आलेली बाई म्हणून बघत असावा. किंवा तसं मला वाटलं.

२८ मार्च
गुरुजी: "कौल विरुद्ध गेला तर?"
"ब पाठवायचा."
"आणि ब नापास झाला तर?"
सर्वेक्षणाच्या नव्या फॉर्ममध्ये पाचवा रकाना टाकला.

३१ मार्च, देवळाच्या पायरीवर
३.४०. गुरवानं देवाच्या दोन खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर मुदत. डावं पडलं तर जत्रेला देणं.
मावशी आत हात जोडून बसल्यात. थोरलाही आलाय, मागं उभा. १७ बाहेर लिंबाला बांधलाय, कुणीतरी आणलेल्या शेंगा खातोय. दोरा तसाच.
४.१०. काही नाही. गुरव म्हणाला, "थांबा. त्याला घाई न्हाय."
मोबाईलवर अ आणि ब दोन्ही फाईली जोडून तयार; पाचच्या आत एक पाठवायची. रेंज इथं पायरीवर येते, आत जात नाही.
४.२५. डाव्या फुलाची एक पाकळी सुटली. फूल जागेवर. मावशींनी डोळे उघडले नाहीत. गुरवाला विचारलं, पाकळी धरतात का. तो म्हणाला, "पाकळीवर काय व्हतंय."
४.४०. दोन्ही फुलं आहेत तिथंच. कौलाबद्दल माझं काही मत नाही असं मी परवा गुरुजींना सांगितलं होतं.
मघापासून मी उजव्याकडेच बघते आहे.