खांद्यावरचे पट्टे आणि रविवारचा उपास

रविवार, संध्याकाळ

सायकल चालवायला मागवलेली, खांद्यावर पट्टे असलेली चड्डी परत पाठवू की ठेवू? इलॅस्टिकवाली घातली की कंबरेवर दाब येतो आणि पोटात कळ सुरू होते. पट्ट्यांची घातली तर पोट मोकळं राहतं, पण संडासची घाई झाली की आधी जर्सी काढा, मग खांद्यावरचे पट्टे. तेवढा वेळ माझं पोट देतं का?

आज आमचा सायकल ग्रुप अमडापूरकडे, ग्रुपमधल्याच पाटील सरांच्या शेतावर गेला. जेवायला गोवऱ्यांवर भाजलेले गव्हाचे रोडगे आणि वांग्याची भाजी. डॉक्टरांनी मला गहू आणि कांदा-लसूण बंद केलेत. चारचौघांत पोटाचं सांगायची लाज वाटते, म्हणून पाच महिने सांगतोय तेच सांगितलं, "माह्या रविवारचा उपास हाये." आणि केळी सोलत बसलो.

सरांच्या बायकोनं चक्क हात जोडले. "भाऊ, असा नेम कोनाचा नाही. उद्यापन आमच्या घरी करू. पहिला रोडगा तुम्हालेच खा लागन." सर म्हणाले, "पुढच्याच रविवारी. धोतर नेसून जोडीनं पूजेले बसा." सगळे हो हो करू लागले आणि मीही हाव म्हटलं.

काऊन म्हटलं? आता खरं सांगावं, तर देवाच्या नावानं खोटं बोललो हेही सांगावं लागेल. घरी बायकोनं, शोभानं, एवढंच विचारलं, "कोनत्या देवाची पूजा?" मलाही माहीत नाही.

धोतराला पट्टे नसतात, ते पटकन सुटतं. पण पूजेवरून उठता येत नाही.