इतर

८ डिसेंबर
सोलापुरात पाऊल टाकलं आणि पहिल्याच जेवणात कडक भाकरी, शेंगाचटणीवर ताव मारला. नोकरीही झकास. संगणकात शहराचे रस्ते उभे करायचे, त्यांवर ठिपक्यांची वाहनं सोडायची आणि मालट्रकना दिवसा शहरात येऊ दिलं तर काय होईल ते बघायचं. धूर, कोंडी, अपघात हा भार ट्रकवाल्यावर पडत नाही, भलत्याच्याच माथी बसतो. त्याला आम्ही बाह्य खर्च म्हणतो.

१० डिसेंबर
होटगीकडच्या नाक्यावर वाहनांची गणती केली. बिरुदेव नावाचा धनगर रोज दुपारी दोनला मेंढ्या घेऊन रस्ता ओलांडतो. एकेक मेंढी पलीकडे गेली की मोठ्यानं मोजतो. चाळीस झाल्या की शेवटी स्वतःलाही धरतो, एकेचाळीस. मला गंमत वाटली. 'इतर' या रकान्यात ४१ लिहिलं.

१५ डिसेंबर
संगणकात मेंढ्यांपायी सगळी वाहतूक तुंबते. आमचे साहेब, सोमेश सर, म्हणाले की 'इतर' काढून टाक. मी शून्य टाकलं. बाह्य खर्च झर्रकन उतरला, अहवाल मंजूर झाला. सरांनी पेढे वाटले, मी दोन खाल्ले.

६ जानेवारी
दिवसा ट्रक सुरू झाले आणि पहिल्याच आठवड्यात बिरुदेव गेला. चाळीसही मेंढ्या चाकांखाली. आज त्याची बायको तानाबाई ऑफिसात आली. रडली नाही. म्हणाली, "माजा धनी कुटं लिवलाय, दावा की." मी रकाना दाखवला. शून्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. "त्यो मोजल्याबिगर हलत न्हाय. तुमास्नीबी मोजंल." मला शरम वाटली. तिचा रागही आला.

७ जानेवारी
पडद्यावर 'इतर' ४१. शून्य केलं. परत ४१. ठिपके नाक्यावरून शहराकडे निघालेत, पायी चालीनं. ट्रक त्यांच्या अंगावरून जातात. ते थांबत नाहीत.

९ जानेवारी
सरांना पडद्यावर काही दिसत नाही. अहवालावर सही तुझी आहे, एवढंच म्हणाले. ठिपके ऑफिसच्या चौकात आलेत. 'इतर' ४२. शेवटचा ठिपका हलत नाही — आमच्या इमारतीवर आहे — माझ्या खोलीवर.

१० जानेवारी
दुपारचे दोन. दाराला कडी घातलीय. जिन्यावर खुरं — ओल्या लोकरीचा वास — तो मोजतोय. सावकाश. चूक माझी, लिहून देतो, बिरुदेव, एक माणूस — अहवालात टाकलेला आकडा पुसला जातोय — परत शून्य —

चाळीस. एकेचाळीस. कडी आपोआप —

बे—