मार्गदर्शनाची प्रार्थना

सोम. १२ फेब्रु. ९६
पहाटेची प्रार्थना झाली, पण मन थाऱ्यावर नव्हतं. परवा कारखान्यात आमच्या रतन कारागिराची बोटं लूमच्या फिरत्या पट्ट्यात गेली. पट्ट्यावरची जाळी दिवाळीपासून काढून ठेवलेली. मी लूममास्तर, सांगून थकलो होतो, शेठचं गुजरातीत एकच, "चालशे." आज म्हणतात, पुढच्या सोमवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार. मास्तर, तुम्ही सांगायचं, जाळी होती, रतननेच काढली. म्हणजे त्याला भरपाई द्यायला नको. आम्ही राहतो ती खोलीही शेठचीच, हे त्यांना बोलून दाखवावं लागलं नाही. प्रभूकडे मार्गदर्शन मागितलं.

मंगळ. १३
बराच वेळ गुडघ्यांवर. मार्गदर्शन, मार्गदर्शन. एस्तेर स्टोव्हला पंप मारता मारता म्हणाली, "अहो, उत्तर मिळालंय की. पसंत नाही म्हणून पुन्हा विचारताय का?"
बायकोला काय जातंय बोलायला! खोली गेली तर भांडीकुंडी घेऊन उधनाच्या गल्ल्यांतून तीच फिरेल. दिवसभर बोललो नाही तिच्याशी. राग तिचा नाही, हे कळतं. तरी.

बुध. १४
घरप्रार्थना आमच्याकडे. पाळकांनी एकेकाला प्रार्थनेचा विषय विचारला. माझी पाळी आली. तोंडातून निघालं, "नोकरीत अडचण आहे." बस, एवढंच. मग काय, सगळे तुटून पडले. कदममामा तर डोळ्यांत पाणी आणून ओरडले, प्रभो, शेठचं मन वळव, या बंधूची नोकरी राख! सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझ्या तोंडून निघेना. अख्ख्या मंडळीला मी रतनच्या विरुद्ध प्रार्थनेला बसवलं. एस्तेर चिवडा वाटत होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शुक्र. १६
काम सुटल्यावर लिंबायतच्या वस्तीत रतनच्या घरी गेलो. हात पांघरुणाखाली लपवतो. त्याची बायको म्हणाली, "मास्तर, तुम्ही देवना माणूस शेतस. तुम्ही खोटं नई बोलशात."
चहा तसाच ठेवून उठलो. कसला देवाचा माणूस!

शनि. १७
पहाटे उठलो नाही. जागा होतो, भिंतीकडे तोंड करून. तापातसुद्धा कधी प्रार्थना चुकवली नव्हती. बसलो तर प्रभू तेच सांगणार, म्हणून बसलोच नाही. पोरासारखं तोंड लपवलं. लाज वाटते.

सोम. १९
उठलो. मार्गदर्शन मागायचं नाही, असं ठरवूनच गुडघे टेकले. "प्रभो, मला भीती वाटते," इतकंच म्हणालो आणि रडू आलं.
कारखान्यात इन्स्पेक्टर साहेबांनी विचारलं. शेठ शेजारीच उभे. म्हटलं, "जाळी दिवाळीपासून नव्हती. रतनने नाही काढली." शेठ नुसते हसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.
संध्याकाळी आम्ही दोघं प्रार्थनेला बसलो न बसलो तोच दार वाजलं. बाहेरून शेठचा माणूस, "मास्तर, शेठ बोलावे छे. हमणां ज!" आत्ताच या म्हणे. एस्तेर उठायला लागली. तिचा हात धरला. म्हटलं, "आमेन होऊ दे." तो दार वाजवत राहिला, आम्ही प्रार्थना पुरी केली. मग दार उघडलं.
एस्तेरने त्याला चहा दिलाय. तो पितोय तोवर हे लिहितोय. भीती आहेच, ती काही गेली नाही.
एस्तेर पदर खोचून उभी आहे. विचारते, "मी येऊ का बरोबर?"
ये म्हणालो.