सासूबाईंचा वाढदिवस रीगात

३ फेब्रुवारी, सकाळी ७
संकल्प. सतरा मे रोजी सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला स्वतः हजर राहायचं. लग्नाला चार वर्षं झाली, पण त्यांनी जावई अजून फोनच्या पडद्यावरच पाहिलाय, तोही बहुधा कपाळापासून वरचा. बायको, रुता, जानेवारीपासून माहेरी, लिथुआनियात, कौनस गावी आहे. आई बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. जाताना म्हणाली, या वेळी नक्की ये, पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं. मी म्हटलं, व्हिसा म्हणजे माझ्या हातचा मळ.

५ फेब्रुवारी
युरोपियन युनियनचा नियम मुळातून वाचला. एजंट लोक मूळ ग्रंथ वाचत नाहीत, तिथेच फसतात. सामान्य माणसाला बँकेचे कागद, हॉटेल, विमा. युरोपियन नागरिकाच्या नवऱ्याला यातलं काहीही नको. फी नाही, काम लवकर. बावीस वर्षं अकरावी-बारावीला संस्कृत शिकवतोय, उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम, अपवाद त्याहून बलवान. आज प्रथमच स्वतः अपवाद निघालो. समाधानाने दुपारी झोपलो.

९ फेब्रुवारी
इथे सोलापुरातच, सात रस्त्याला गैबीसाबांकडे सहज गेलो. त्यांचं ट्रॅव्हलचं ऑफिस आहे, मक्केला उमऱ्यासाठी माणसं पाठवतात. म्हणाले, लग्नाचा दाखला आणून द्या, इंग्रजी भाषांतर आणि सरकारी शिक्का आमची शबाना करून देईल. शबाना त्यांची मुलगी, सगळं ऑफिस तीच चालवते. मी त्यांना अपवाद समजावून सांगितला. शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, "सर, अपवाद किताबात असतो. काउंटरवर माणूस बसतो, तो कागद मागतो."
वाद घातला नाही. चहा चांगला होता.

१२ फेब्रुवारी
थोरल्या बहिणीने, अक्काने, सासूबाईंसाठी दोन किलो शेंगाचटणी कुटली. म्हटलं, अजून तीन महिने आहेत. म्हणाली, "तम्मा, तुझं काय खरं न्हाय. उद्या निघालास तर?" माझ्यावर विश्वास असलेली घरात एक तरी व्यक्ती आहे.

२६ फेब्रुवारी
नियमात एक बारीक खोच सापडली. बायको स्वतःच्या देशाखेरीज युरोपातल्या दुसऱ्या देशात असेल, तरच तिच्या नवऱ्याला हा अपवाद. तिच्याच देशात जायचं तर त्या देशाचा घरचा कायदा. सासूबाई नेमक्या लिथुआनियातच राहतात, यात माझा दोष नाही.
रुता फोनवर म्हणाली, मग सगळ्यांसारखा साधा अर्ज कर, वेळ भरपूर आहे. ती मुळात संस्कृत शिकायला भारतात आलेली. अपवाद उपलब्ध असताना उत्सर्ग पत्करायचा नसतो, हे तिला मी सांगावं?

२८ फेब्रुवारी
उपाय सापडला. वाढदिवस लाटवियात करायचा. शेजारचाच देश, रीगा शहर बसने चार तासांवर. तिथे मी पोचलो की सगळा नियम जसाच्या तसा लागू.
रुताला सांगितलं. तिने ते मला दोनदा सांगायला लावलं. लाइन खराब असावी. मग तिने विचारलं की ऐंशी वर्षांच्या, खुब्यात सळई घातलेल्या बाईचा वाढदिवस मी परदेशात करू का. म्हटलं, परदेश हाच तर कळीचा मुद्दा आहे.

६ मार्च
रुता तयार झाली. सासूबाई म्हणाल्या म्हणे, जावई येणार असेल तर मी येते. अकरा माणसं, एक मिनीबस, हॉटेलात सहा खोल्या, शिवाय सासूबाईंची चाकाची खुर्ची चढवायला उतरती फळी असलेली बस शोधावी लागली. एवढं सगळं एका दमात सांगून रुता म्हणाली, "आता तुला यावंच लागेल."
मी म्हटलं, येणारच की. पासपोर्ट कपाटातून काढून टेबलावर ठेवला. प्रवासाची सुरुवात झाल्यासारखं वाटलं.

२० मार्च
दाखला मराठीत आहे. इंग्रजी करायला हवा. एवढ्यासाठी शबानाकडे जाणं म्हणजे आचाऱ्याने वडापाव विकत आणण्यासारखं. स्वतः करणार. उद्यापासून.

२ एप्रिल
उत्तरपत्रिका तपासायला आल्या. ऊनही फार. चटणी बिघडली नाही ना, हे अधूनमधून पाहावं लागतं. अजून बिघडलेली नाही.

११ एप्रिल
भाषांतर पूर्ण. मूळ दाखला एक पान, भाषांतर सहा पानं, तळटिपा एकोणीस. 'वधू' या शब्दावरची टीप मला स्वतःलाच आवडली. रुताला पाठवलं. तिने फक्त अंगठा पाठवला. चार वर्षांत इतकी स्पष्ट दाद मिळाली नव्हती.
अक्का विचारत होती, व्हिसा आला काय. म्हटलं, मुख्य काम झालंय. अपॉइंटमेंट तेवढी घ्यायची.

१५ एप्रिल
अपॉइंटमेंट अठ्ठावीसची मिळाली, पुण्याच्या व्हिसा केंद्रात. लोक दोन-दोन महिने आधी घेतात म्हणे. काय ती घाई.

२८ एप्रिल, पुणे स्टेशन, परतीच्या गाडीत
काउंटरवरची मुलगी सुशील होती. फाइल पाहून तिने विचारलं, भाषांतर कोणी केलं. मी म्हटलं, मी. अर्जदार कोण? तेही मीच. तर म्हणाली, ही दोन माणसं वेगळी लागतात. शिवाय मूळ दाखल्यावर परराष्ट्र खात्याचा शिक्का हवा. मी नियमाचं पान उघडून दाखवलं. तिने ते वाचलं, आणि खरंच नीट वाचलं. मग म्हणाली, "सर, तुमचा नियम बरोबर आहे. फी नाही, बँकेचे कागदही नकोत. तुम्ही तिचे नवरे आहात, एवढाच पुरावा द्या."
तत्त्वतः मी जिंकलो आहे. अर्ज मात्र परत दिला.

२९ एप्रिल
गैबीसाबांकडे गेलो. हरलो म्हणून नव्हे, माझा अनुभव त्यांच्या धंद्यात उपयोगी पडावा म्हणून. त्यांनी चहा मागवला. शबानाने दाखला घेतला, तळटिपा परत केल्या.

८ मे
शबानाचे कागद तयार. भाषांतर एक पान. पुढची अपॉइंटमेंट एकवीस मे. वाढदिवस सतराला.
रुताला सांगायला हवं. पण ती आईला घेऊन रोज व्यायामाला जाते, दमलेली असते. उद्या सांगतो.

९ मे
ती फार खुशीत होती. आईंनी नवा निळा झगा शिवून घेतलाय. अशा वेळी सांगणं बरं नाही.

१३ मे
सांगितलं. रुता रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. हॉटेलचं बुकिंग आता रद्द होत नाही, माणसांनी रजा काढल्यात, तेव्हा सगळे जाणारच आहेत. तिने विचारलं, हे तुला कधीपासून माहीत होतं? मी म्हटलं, तारीख नक्की आठवत नाही. ही वही समोरच उघडी होती.

१७ मे, संध्याकाळी
फोन लावला. रीगात पाऊस. हॉटेलचा लांबट हॉल, अकरा माणसं कोटात. मध्ये सासूबाई निळ्या झग्यात, चाकाच्या खुर्चीत. प्रवासात खुबा दुखावला. रुताने फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. रुता भाषांतर करेना. मी आग्रह धरला.
"आई विचारते, जावई घरी बसून फोनच करणार होता, तर आपण पण घरीच बसलो असतो की."
हा 'की' तिने सोलापुरात उचललाय. मी अपवादाची पार्श्वभूमी सांगायला सुरुवात केली. पडद्यावर रुताचा अंगठा मोठा होत गेला आणि फोन बंद झाला. तिकडे नेटवर्कची अडचण दिसते.

१९ मे
एकविसाची अपॉइंटमेंट रद्द केली. मंडळी कौनसला परतली. नियमानुसार बायको लाटवियात हवी, आणि आता रीगात माझं कोणी नाही.
अक्काने यंदा प्रथमच विचारलं नाही, व्हिसा आला काय म्हणून.

२ जून
चटणीचा डबा धुऊन परत दिला. अक्काने डबा घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

१४ ऑक्टोबर
चार महिने लिहिण्यासारखं काही झालं नाही. रुताचे फोन रविवारी येतात, हवामानावर बोलणं होतं. परत कधी येणार, हे मी विचारत नव्हतो. न विचारण्यात एक संयम असतो.
आज गैबीसाब रस्त्यात भेटले. म्हणाले, "सर, मुबारक. दोघी एक तारखेला येतायत ना?"
मी म्हटलं, हो तर.
घरी येऊन फोन केला. खरं आहे. रुता येते आहे, सोबत सासूबाई. डॉक्टरांनी परवानगी दिली, काठी घेऊन चालतात. जावई येत नाही तर आपणच जाऊन पाहू, म्हणाल्या. त्यांचा भारताचा व्हिसा रुताने शबानाला फोनवर विचारून घरबसल्या भरला. तिसऱ्या दिवशी आला.
मी म्हटलं, इकडचे नियम एकदा मुळातून वाचून ठेवतो, ऐन वेळी अडचण नको. रुता नको म्हणाली. मग मी काय करू, विचारलं.
"तू स्टेशनवर उभा राहा. प्लॅटफॉर्म तिकीट गैबीसाब काढणार आहेत."