वीतभर टेम्पोची पूजा

तीर्थरूप दिपालीताईस (सध्या मुक्काम सांगवी, दर्शन बंद),

धाकट्या ज्ञानेशचा वाकून नमस्कार. दाजी बरे असतील, भाचीबाई दिव्याची परीक्षा संपली असेल, तुझी टाचही दुखायची थांबली असेल. असेल-असेल लिहितोय, कारण तू चौदा दिवस फोन उचलत नाहीस. बाबांच्या पंच्याहत्तरीच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून समाधानदादाचं आणि माझंच नाव आहे, तुझं नाही, म्हणून तू येत्या रविवारी येणार नाहीस, हे आईकडून कळलं. त्या भांडणात मी पडत नाही. हे पत्र फक्त टेम्पोबद्दल आहे, आणि ताई, सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये!

बाबांचा तो निळा टेम्पो आठवतो ना, भोसरीहून चाकणला माल टाकणारा? विकून अठरा वर्षं झाली. तो मी पुन्हा बनवलाय! वीतभर, पण दारं उघडतात, चाकं फिरतात (हॉर्न तोंडाने द्यावा लागतो). एवढी बारीक अक्षरं हाताने रंगवणं मला बापजन्मात जमलं नसतं, म्हणून डिकॅल छापून आणली. म्हणजे खास कागदावर छापलेली अक्षरं. कापून कोमट पाण्यात भिजवली की दुधावरची साय सुटावी तशी सुटतात, मग ओल्या ब्रशने सरकवत जागेवर बसवायची. पहिलीच नंबरप्लेट सरकवली ती माझ्या अंगठ्यावर जाऊन बसली, आणि मला पत्ताही नाही. सकाळी कंपनीत हजेरीचं मशीन अंगठा ओळखेना. सुपरवायझर लक्ष्मणरावांनी तो उजेडात धरून वाचला आणि म्हणाले, "राव, तुमचा अंगठा तर एमएच चौदा पासिंगचा निघाला!" (मी क्वालिटीत आहे, दुसऱ्यांचे दोष काढायचा पगार घेतो. त्या दिवशी सगळी लाइन माझा अंगठा बघून गेली.)

पण पुढे जमलं गं! दुसरी नंबरप्लेट, दोन्ही दारांवर बाबांचं नाव 'रंगराव', समोर काचेच्या वर 'मातोश्री कृपा', आणि मागच्या फळीवर अगदी तेव्हासारखं 'समाधान – ज्ञानेश'. (कागदावर चार बोटं जागा उरली, म्हणून तुझंही नाव छापून घेतलं. जागा वाया गेलेली आम्हा क्वालिटीवाल्यांना बघवत नाही.) वरून लॅकर मारलं की अक्षरं कायमची पक्की. ते आणायला मी परवा बाहेर पडलो आणि इकडे आईने गाडी बघितली.

नवी गाडी घरात, आणि पूजा नाही? तिने हळदकुंकू लावलं, झेंडूचं एक फूल वाहिलं (त्यात अख्खी केबिन झाकली गेली), नारळ फोडला आणि रीतीप्रमाणे पाणी वाहिलं. खऱ्या टेम्पोला ते चार थेंब, माझ्या टेम्पोला महापूर. मी आलो तेव्हा 'मातोश्री कृपा' मातोश्रींच्याच बांगडीला चुरगळून चिकटलं होतं, आणि आई म्हणत होती, "रंग कच्चा हाय बाबा तुझा, दुकानदाराला परत दे." मी रडायचा तेवढा बाकी होतो.

तेवढ्यात बाबा फिरून आले. झालं, रविवारी त्यांना द्यायचं गुपित फुटलं. त्यांनी टेम्पो तळहातावर घेतला, सदऱ्याने पुसला आणि मागची फळी बघितली (आमची दोघांची नावं जागची हलली नव्हती). मग त्यांना कागदावर तुझं नाव दिसलं. "ह्ये कुठं लावायचं ऱ्हायलंय?" मी म्हटलं, मागे जागा नाही. "मागं नगं," ते म्हणाले, "म्होरं, काचेच्या वर. तवा पेंटरला सांगायचं ऱ्हाऊन गेलं. पोर आठ दिस बोलली न्हवती माझ्याशी."

बाकी सर्व ठीक. टेम्पोचं तोंड अजून कोरं आहे. दाजींना नमस्कार, दिव्याला पापा.

तुझा (फळीवरचा)
ज्ञानेश

ता. क. १ – पाकिटात बटर पेपरमध्ये गुंडाळलेलं तुझं नाव आहे. ओल्या हाताने धरू नकोस, एकच आहे. मी लावायला घेतलं तर बाबांनी माझा हात धरला. म्हणाले, "तिचं ती लावंल." तर रविवारी घेऊन ये. कोमट पाणी तयार ठेवतो.

ता. क. २ – चार बोटं जागा उरली वगैरे खोटं. सगळ्यात आधी तुझंच नाव छापायला दिलं होतं.

ता. क. ३ – बाबा आत्ता उरलेल्या पत्रिका घेऊन बसलेत आणि एकेकीवर बॉलपेनने तुझं नाव लिहितायत, आम्हा दोघांच्या वर. अक्षर वाकडं आहे. मी पास केलं.